युआन श्वांग : प्रवासी की भाषांतरकार?

शब्दहमाल
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

काल मुलाचा इतिहासाचा अभ्यास घेत होते. प्रश्न होता, 'सम्राट हर्षवर्धनाच्या काळात कोणता चिनी प्रवासी भारतात आला?' उत्तर आपल्या सगळ्यांना झोपेतही येतं. आमच्या वेळी तो ह्युएनत्संग होता, आता युआन श्वांग झालाय. 'प्रवासी' मात्र तसाच आहे.

माझं पोट भाषांतरावर चालतं. ॲपचं मराठीकरण, विम्याची कागदपत्रं, क्वचित एखादं पुस्तक. त्यामुळे हा माणूस माझ्या जातीचा आहे हे कळल्यापासून 'प्रवासी' शब्द खटकतो. बघा ना, तो ६२९ मध्ये (काहींच्या मते ६२७) चीनच्या राजधानीतून, छांगआनहून, निघाला आणि ६४५ मध्ये परतला. येताना ६५७ ग्रंथ आणले, वीस घोड्यांवर लादून. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे ६६४ पर्यंत, एकोणीस वर्षं तो भाषांतर करत बसला. ७५ ग्रंथ, १३३५ खंड. प्रवासवर्णन लिहिलं तेही बादशहाने मागितलं म्हणून, आणि तेसुद्धा ब्येनजी नावाच्या शिष्याच्या मदतीने, वर्षभरात हातावेगळं केलं.

मुळात घर सोडलं तेच भाषांतरांवर वैतागून. चिनी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता, म्हणून मूळ प्रत बघायला निघाला. मूळ प्रत बघायला! मी फार तर क्लायंटला मेल टाकते.

तर प्रश्न असा, की आपण त्याला भाषांतरकार का म्हणत नाही?

पेठेतला_काका
कारण आपल्याला त्याच्या भाषांतराचा काडीचा उपयोग नाही, म्हणून. त्याने संस्कृतचं चिनी केलं, ते चिन्यांना लखलाभ. आपल्याकडे संस्कृत होतंच. आपल्याला उपयोग झाला तो त्याच्या डोळ्यांचा. आपल्या लोकांना तारीख-वार लिहून ठेवायची सवय नाही, ते काम पाहुण्याने केलं. विषय संपला.

चिंचोका
काकांनी पहिल्याच प्रतिसादात धाग्याचं तेरावं घातलं. पॉपकॉर्न परत ठेवतो.

तैपेईकर
थांबा, ठेवू नका. आधी नावाचा घोळ निस्तरू. मी सहा वर्षं तैवानात आहे, चिनी शिकतोय, उच्चारावरून रोज बोलणी खातो. ह्युएनत्संग, युआन श्वांग, श्वान्झांग हे सगळं इंग्रजी स्पेलिंगांवरून आलेलं आहे. मूळ उच्चार जवळपास 'श्वेनचांग'. यातला च 'चाक', 'चमचा'मधला, 'चहा'मधला नव्हे. हिंदीवाल्यांना हा च लिहायला त्स करावं लागतं. आपल्याकडे तो आयता आहे आणि तरी आपण इंग्रजीमार्फत नाव आणतो.

भारतात त्याला संस्कृत नावंही मिळाली होती : महायानवाल्यांनी दिलेलं महायानदेव आणि हीनयानवाल्यांनी दिलेलं मोक्षदेव.

चिंचोका
चाकातला च. सतरा वर्षं फिरणाऱ्याला शोभतो.

गोदाकाठ
काका, डोळ्यांचा उपयोग म्हणालात ते बरोबर. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते इथे टाकायलाच हवं. तो साधारण ६४१ च्या सुमारास दक्षिणेकडून कोकणपुरामार्गे महाराष्ट्रात आला. नाव लिहिलंय 'मो-हो-ला-चा'. जमीन कसदार, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, प्रामाणिक पण ताठ. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. कुणी संकटात हाक मारली तर स्वतःचं भान न ठेवता धावतात. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला सांगतात, मग दोघंही शस्त्र घेऊन समोरासमोर. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आला तर मारत नाहीत. आणि राजा पुलकेशी. हर्षाने पाची दिशांचं सैन्य आणलं तरी हे लोक काही त्याला वाकले नाहीत.

वाचताना ऊर भरून येतो की नाही?

पेठेतला_काका
येतो. 'आधी शत्रूला सांगतात' हे आमच्या सोसायटीत अजून चालू आहे. नोटीस बोर्डावर.

विटांचा_पंडित
ऊर भरून यायच्या आधी पुढची वाक्यंही वाचा. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नसते, त्याला बायकांचे कपडे देतात, मग तो शरमेने जीव देतो. राज्यात काही शे निवडक योद्धे पाळलेले, ते दारू पिऊन लढाईला निघतात. हत्तींनाही पाजतात. आणि त्या योद्ध्यांनी वाटेत कुणाला मारलं तर गुन्हा नाही!

चिंचोका
हत्तीला खंबासुद्धा पुरायचा नाही. राज्याचं उत्पादन शुल्क खातं काय करत होतं?

शब्दहमाल
बायकांचे कपडे म्हणजे अपमान, हे सातव्या शतकापासून चालू आहे तर. आजही मोर्चात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर होतोच. पण मंडळी, धागा महाराष्ट्राच्या अंगावर गेला. माझा भाषांतरकार कुठे हरवला?

विटांचा_पंडित
ताई, येतो त्याच्याकडे, आधी एक खुसपट. तो 'महाराष्ट्र' म्हणजे आजचा नकाशा नव्हे. पुलकेशी दुसरा हा बदामीचा चालुक्य. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात रविकीर्तीने त्याला 'तीन महाराष्ट्रकांचा, नव्व्याण्णव हजार गावांचा' स्वामी म्हटलंय. त्याच लेखात 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः' हा प्रसिद्ध श्लेष आहे, हर्षाचा हर्षच भीतीने गळाला. म्हणजे चिनी भिक्षू आणि दरबारी कवी, दोघांची साक्ष जुळते. आणि भिक्षू येऊन गेल्यावर वर्षभरातच पल्लवांनी बदामी घेतली.

गोदाकाठ
तो म्हणतो राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे. बदामीला कुठली आली मोठी नदी? नाशिकच असणार. बऱ्याच अभ्यासकांचंही तेच मत आहे.

विटांचा_पंडित
नाशिक म्हणणारे आहेत, पैठण म्हणणारेही आहेत. आयडीवरून तुमचं मत आधीच कळलं होतं :)

पेठेतला_काका
सीमाप्रश्न सातव्या शतकात नेऊ नका. आताचाच मिटेना.

लेणीवेडा
लेण्यांचा विषय अजून कुणी काढला नाही? मो-हो-ला-चा मध्ये शंभर संघाराम (म्हणजे विहार), पाच हजार भिक्षू, आणि देवळंही साधारण शंभर असं तो लिहितो. मग पूर्व सीमेवरच्या डोंगरात, अंधाऱ्या दरीत कोरलेला एक विहार येतो. बांधणारा आचार नावाचा अर्हत, म्हणजे सिद्ध भिक्षू. भिंतींवर बुद्धाच्या बोधिसत्त्व असतानाच्या कथा, दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती.

अजिंठ्याला सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन हत्ती उभे आहेत. आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल नावाचा भिक्षू येतो. आचार आणि अचल. मी पहिल्यांदा हे जुळवलं तेव्हा वाघूरच्या काठावर अर्धा तास नुसता बसून होतो.

पण (हा पण मलाही आवडत नाही) तो म्हणतो की आत सत्तर फूट उंच बुद्धमूर्ती आहे आणि डोक्यावर अधांतरी लटकणारी सात दगडी छत्रं. असलं अजिंठ्यात काही नाही. त्यामुळे तो स्वतः तिथे गेला की राजधानीत ऐकून लिहिलं, हा वाद आहे. मला तरी ऐकीव वाटतं. ज्याने बामियानच्या मूर्ती बघितल्या होत्या त्याला कुणीतरी गाववाल्याने 'आमच्याकडेही आहे हो' म्हणून सांगितलं असणार.

गोदाकाठ
हे मात्र शंभर टक्के मराठी.

शब्दहमाल
लेणीवेडा, त्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य सांगा ना. माझ्यासाठी तेच महत्त्वाचं आहे.

लेणीवेडा
बरोबर, ते राहिलं. पूर्वी दिङ्नाग, म्हणजे तो बौद्ध तर्कशास्त्री, या विहारात बरेचदा राहायचा, असं.

शब्दहमाल
तेच तर! हत्ती, दारू, सत्तर फूट हे सगळं आपल्याला लक्षात राहतं. त्याला दिङ्नाग लक्षात राहिला. ज्याचा ग्रंथ परत गेल्यावर चिनीत आणायचा होता (आणि आणलाच, न्यायमुख), त्याचा मुक्काम कुठे होता याची नोंद. हा प्रवासी नव्हे, लेखकाचं घर बघायला गेलेला भाषांतरकार आहे.

पेठेतला_काका
वाक्य चांगलं आहे, पण माझा मुद्दा उभाच आहे. आम्हाला काय उपयोग?

विटांचा_पंडित
काका, आता तुमच्यासाठी. 'आपल्याकडे संस्कृत होतंच' म्हणालात. नव्हतं, हरवलं. वैशेषिक दर्शनावरचा चंद्रमतीचा दशपदार्थी हा ग्रंथ घ्या. बौद्ध ग्रंथही नाही, विरोधी पक्षाचा. संस्कृत मूळ नाहीसं झालं, शिल्लक आहे ते फक्त श्वेनचांगचं चिनी भाषांतर. महाविभाषा या बौद्ध टीकाग्रंथाचंही तसंच, दोनशे खंडांचं भाषांतर चिनीत आहे, मूळ नाही. आपल्याच घरातली वस्तू शेजाऱ्याकडे ठेवलेली सापडावी तसं आहे.

आणि डोळ्यांचं म्हणाल तर १८६१ पासून कनिंगहॅम हा इंग्रज पुरातत्त्वज्ञ उत्तर भारतात बौद्ध स्थळं शोधत फिरला तो याचंच पुस्तक घेऊन, इतकी कोस इतक्या दिशेला असं मोजत. बडगावच्या ढिगाऱ्याखाली नालंदा आहे हे तसंच ठरलं. पण ते पुस्तक तरी कनिंगहॅमला कसं मिळालं? ज्यूलियेंने चिनीवरून फ्रेंच केलं १८५७-५८ मध्ये, म्हणून. म्हणजे पुन्हा भाषांतरच.

पेठेतला_काका
हं. दशपदार्थीचं माहीत नव्हतं. अर्धा मुद्दा मागे.

चिंचोका
काकांनी अर्धा मुद्दा मागे घेतला. वाचनखूण साठवली, प्रिंट काढून फ्रेम करतोय.

नालंदावारी
नालंदा निघालंच आहे म्हणून. मी दोनदा जाऊन आले. भग्नावशेषांपासून थोड्या अंतरावर त्याच्या नावाचं स्मारक भवन आहे, चिनी पद्धतीचं. गाइड सगळ्यांना लगेच दहा हजार विद्यार्थ्यांचा आकडा सांगतो. मला आत उभं राहिल्यावर आठवला तो शीलभद्र, नालंदेचा मुख्य आचार्य. हा पोचला तेव्हा शीलभद्र खूप म्हातारा, आजारी, आणि त्याने या परक्याला योगाचारभूमिशास्त्र शिकवायला घेतलं. श्वेनचांगच्या चरित्रात आहे की पहिला पाठच पंधरा महिने चालला. तोच ग्रंथ याने परत गेल्यावर शंभर खंडांत चिनीत आणला. एवढ्या वयात एका विद्यार्थ्याकरता पंधरा महिने! आमच्याकडे सिलॅबस ऑक्टोबरात संपतो.

तैपेईकर
आता कामाची पद्धत सांगतो, शब्दहमाल यांना आवडेल. त्याला हे काम शाओलिनला, गावाजवळच्या डोंगरात बसून करायचं होतं. बादशहा ताईत्सोंगने नाही म्हटलं, राजधानीतच राहा. (त्याआधी भिक्षूचे कपडे सोडून सरकारी नोकरी धर असाही आग्रह झाला होता. तो याने टाळला.) मग आधी होंगफू आणि नंतर त्सउन विहारात भाषांतर-कार्यालयच उघडलं. अर्थ तपासणारे वेगळे, भाषा घासूनपुसून घेणारे वेगळे, लेखनिक वेगळे. ६५२ मध्ये ग्रंथ ठेवायला मनोरा बांधला, तो नंतर पुन्हा बांधावा लागला, पण शीआनमध्ये (म्हणजे तेव्हाच्या छांगआनमध्ये) अजून उभा आहे.

रोजचा कोटा ठरलेला. दिवस दरबारी कामात गेला तर रात्री भरून काढायचा. तिसऱ्या प्रहराला आडवं व्हायचं, पाचव्याला उठायचं, संस्कृत पाठ मोठ्याने वाचायचा आणि सकाळी जेवढं करायचं तिथे तांबड्या शाईने ठिपके मारायचे.

शब्दहमाल
तांबडे ठिपके! मी पिवळा हायलायटर वापरते. डोळ्यांत पाणी आलं हो.

चिंचोका
रोजचा कोटा, अपुरं राहिलं तर रात्री बसून, बॉस बादशहा. हा तर आयटीतला.

अर्धवट_पंत
एक वेगळा सूर लावतो. श्वेनचांग अचूक होता हे मान्य. पण चीनमध्ये लोक आजही पठण करतात ते कुमारजीवाचं भाषांतर. कुमारजीव याच्या दोनेकशे वर्षं आधीचा, मध्य आशियातल्या कुचा गावचा, बाप भारतीय. त्याचं सद्धर्मपुंडरीक, त्याचं वज्रच्छेदिका, ही सूत्रं म्हणायला गोड. श्वेनचांगने वज्रच्छेदिका पुन्हा केली, जास्त काटेकोर केली, आणि पठणात मात्र जुनीच राहिली. अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचं नाव घ्या. जुनं 'क्वानशीयिन', जगाचा आवाज ऐकणारा. याने म्हटलं चूक, मूळ शब्दात ईश्वर आहे, म्हणून 'क्वानत्सत्साई'. व्याकरण याचं बरोबर. पण आख्खा पूर्व आशिया हाक मारतो ती क्वानयिन म्हणून.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझं उत्तर : लोक ज्याचं वाचतात तो भाषांतरकार.

शब्दहमाल
पंत, हे लागलं. पण प्रज्ञापारमिताहृदय? २६० अक्षरांचं, घरोघरी म्हणतात ते याचंच.

अर्धवट_पंत
तेवढा अपवाद मान्य. कुमारजीवाचंच एक म्हणणं सांगतो, तुमच्या धंद्यातलं आहे. भाषांतर म्हणजे स्वतः चावलेला घास दुसऱ्याला भरवणं. चव तर जातेच, वर समोरच्याला ओकारी येते.

पेठेतला_काका
सरकारी परिपत्रकांचं मराठी वाचून मला हेच होतं.

तैपेईकर
शब्दहमाल, 'काय भाषांतर करायचं नाही' याचे त्याचे पाच नियम तुम्हाला माहीत असतीलच. ते त्याच्या स्वतःच्या ग्रंथात सापडत नाहीत, पाचेकशे वर्षांनी सोंग घराण्याच्या काळातल्या एका प्रस्तावनेत त्याच्या नावावर आलेत. मंत्र-धारणी गूढ असतात, त्या तशाच ठेवा. एका शब्दाला अनेक अर्थ असतील, जसं भगवत, तर तसाच ठेवा. जी वस्तू आपल्या देशात नाहीच तिचं नाव तसंच ठेवा. जुन्यांनी आधीच रूढ केलेला शब्द असेल, जसं अनुत्तरसम्यक्संबोधी, तर बदलू नका. आणि भाषांतराने शब्द हलका होणार असेल, जसं प्रज्ञा, तरी तसाच ठेवा.

तिसऱ्याचं उदाहरण काय दिलंय माहितीये? जंबू. चीनमध्ये जांभूळ नाही म्हणून.

शब्दहमाल
माहीत होते, पण जांभूळ डोक्यात नव्हतं! मी परवाच क्लायंटशी भांडले की 'पासवर्ड' तसाच ठेवा, 'परवलीचा शब्द' लिहिलं तर आजी फोन बंद करून ठेवेल. आता सांगते, नियम चौथा, रूढ शब्द बदलू नये, श्वेनचांगच्या थांग घराण्याच्या काळातला दाखला आहे.

गोदाकाठ
मग 'लॉगिन'? 'प्रवेश' चालतो की.

शब्दहमाल
चालतो. 'कॅशबॅक' सांगा.

चिंचोका
नियम पहिला. मंत्र आहे, गूढ ठेवावा.

तैपेईकर
उलट दिशेचंही एक काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. ६४७ मध्ये बादशहाचा हुकूम, ताओ पंथाच्या लाओत्सचा ग्रंथ संस्कृतात करा, कामरूपच्या (आजच्या आसामच्या) राजाला हवाय. ताओपंथी पंडित सोबत बसवले. पहिल्याच शब्दावर वाजलं. 'ताओ'ला काय म्हणायचं? पंडित म्हणे 'बोधी' करा. हा म्हणे अजिबात नाही, ताओ म्हणजे वाट, 'मार्ग' लिहा. मार्गच लिहिलं.

निळी_पहाट
उशिरा येतेय, सगळे प्रतिसाद वाचले. मी नागपूरची, घरात लहानपणापासून बुद्धवंदना. आमच्या विहारात जे म्हणतो ते पाली. श्वेनचांगने आणलेल्या महायान ग्रंथांतलं काहीच आमच्या रोजच्या म्हणण्यात नाही. तरी त्याचं नाव आजोबा फार आदराने घ्यायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं : इथे सातव्या शतकात शंभर विहार होते हे लिहिणारा तो. नाहीतर लेणी पांडवांनीच एका रात्रीत खोदली असं सगळ्यांना वाटत राहिलं असतं.

काकांना जो 'उपयोग' म्हणायचाय तो हा असेल तर मला तो मोठा वाटतो. पाठ्यपुस्तकात मात्र तो हर्षाच्या धड्यात एका ओळीत येतो, जणू हर्षाचा पाहुणा म्हणूनच जन्मला.

पेठेतला_काका
पूर्ण सहमत. माझ्या पहिल्या प्रतिसादात घाई झाली. (चिंचोका, याचीही फ्रेम कर.)

लेणीवेडा
पांडवलेणीवरून मी वेगळा धागा काढतो, नाहीतर या धाग्याचं काश्मीर होईल, भांडण मिटायचं नाही.

बालवाडीतला_आईन्स्टाईन
तो माकडवाल्या कार्टूनमधला साधू हाच का?

तैपेईकर
हाच. सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत त्याला सोबत माकड, डुक्कर वगैरे दिले. त्यातला भिक्षू सारखा रडतो, माकड त्याला वाचवतं. खरा माणूस तुर्फानच्या राजाने जबरदस्तीने ठेवून घेतलं तेव्हा अन्नपाणी सोडून बसला होता. शेवटी राजानेच हात टेकले.

शब्दहमाल
पंतांच्या 'लोक वाचतात तो भाषांतरकार' वर दोन दिवस विचार केला. उत्तर नाही माझ्याकडे. पण त्याचं शेवटचं मोठं काम बघा. महाप्रज्ञापारमिता, सहाशे खंड. ६६० मध्ये हात घातला. शिष्य म्हणाले, यात फार पुनरुक्ती आहे, आधीचे लोक करायचे तसा संक्षेप करू. तो तयारही झाला, आणि त्या रात्री भयंकर स्वप्नं पडली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, एक शब्द गाळायचा नाही. ६६३ मध्ये पुरं केलं. मग सगळे म्हणाले आता रत्नकूट हा पुढचा ग्रंथ घ्या. चार ओळी केल्या आणि पोथी मिटली, म्हणाला अंगात तेवढं बळ नाही. काही आठवड्यांनी गेला.

मुलाला मी 'प्रवासी'च लिहायला सांगितलंय. मार्क जायला नकोत.

तैपेईकर
धागा खाली जायच्या आत एक टाकतो. परतताना सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या पाण्यात गेल्या. हे सगळीकडे असतं. पुढचं कमी ठिकाणी असतं. ६५२ मध्ये बोधगयेहून दोन भिक्षूंचं पत्र आणि पांढऱ्या कापडाची एक जोडी त्याला पोचली. त्यातला एक प्रज्ञादेव, कनौजच्या वादसभेत याच्याकडून हरलेला. ६५४ मध्ये याने उत्तर दिलं. शीलभद्र गेल्याचं दुःख लिहिलं, प्रज्ञादेवाला 'अजून तुझा हीनयान सुटत नाही' म्हणून पुन्हा टोचलं, आणि शेवटी सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी जोडली : कुणी इकडे येणार असेल तर पाठवून द्या.

चिंचोका
दहा वर्षांनी. यादी जपून ठेवली होती म्हणजे.

शब्दहमाल
आल्या का हो पोथ्या?